श्रवणाविना विश्वास

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विश्वासाच्या उगमाचा विचार करतो. ज्याच्याविषयी कधी ऐकले नाही त्याच्यावर माणसे विश्वास कशी ठेवतील, आणि सांगणाराच कोणी नसेल तर ऐकतील तरी कशी, असे एकामागून एक प्रश्न तो विचारतो. विश्वास श्रवणातून येतो, हा त्याचा निष्कर्ष. सेमिनरीत हे वचन आम्ही लॅटिनमधून पाठ केले होते आणि पुढे अनेक प्रवचनांत त्याचा आधारही घेतला. परंतु समोरच्या बाकावर बसलेल्या एका माणसाला त्या प्रवचनातले अक्षरही ऐकू येत नसेल, तर या वचनाचे त्याच्यापुरते काय होते? त्याचा विश्वास कोणत्या वाटेने येतो? की तो येतच नाही, आणि आपण केवळ सवयीने त्याच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवत असतो? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न कोणी काढल्याचे आम्हांला आठवत नाही. तो आमच्यापुढे उभा राहिला तो समुद्रावर, एका बोंबलाच्या जाळ्याशेजारी.

आमच्या धर्मग्रामात वसईच्या किनाऱ्यालगतचा एक कोळीवाडा येतो. तेथील एक खलाशी, वयाने चाळिशी ओलांडलेला, जन्मापासून बहिरा आहे. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. कोळीवाड्यातही त्याचे स्नानसंस्काराचे नाव क्वचितच कोणी घेते. लहानथोर सगळे त्याला 'मुका' म्हणतात. हे संबोधन वाईट हेतूने वापरले जाते असे नाही, तरी ते खोटे आहे. त्याच्या कंठात काही दोष नाही. तो हसला की अर्ध्या बंदराला ऐकू जाते. जो शब्द कधी कानी पडला नाही तो उच्चारायचा कसा, एवढीच त्याची अडचण आहे. सरकारी कागदांवर मूकबधिर, कर्णबधिर, दिव्यांग अशी नावे बदलत गेली. कोळीवाड्याने मात्र आपला शब्द सोडला नाही.

पावसाळा सरल्यावर बोटी पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी आम्ही त्यांना आशीर्वाद देतो. मागच्या वेळी पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर तांडेल थट्टेने म्हणाला, ''फादर, बोटीवर पाणी दरवर्षी मारता, एकदा आमच्यासंगं पाण्यावर पण या.'' हा तांडेल आमच्या बहिऱ्या खलाशाचा चुलतभाऊ. थट्टा आम्ही मनावर घेतली आणि गेल्या माघात, उपवासकाळ लागण्यापूर्वी, वद्य चतुर्थीचा दिवस ठरला.

दिवस तिथीने का ठरवायचा, हे शेतीवाडीतल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. डोल जाळे ओढून नेले जात नाही. ते समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधलेले असते, तोंड रुंद आणि मागे निमुळते होत गेलेले, एखाद्या प्रचंड पिशवीसारखे. ओहोटीचे किंवा भरतीचे पाणी त्यातून वाहते आणि मासळी त्याबरोबर जाळ्याच्या शेपटात, म्हणजे खोल्यात, जाऊन साठते. म्हणजे मासे पकडण्याचे काम पाण्याचा ओढ करतो. माणसाने जाळे वेळेवर मांडायचे आणि ओढ थांबताच उचलायचे. अष्टमीच्या भांगाला पाण्यात जोर नसतो, तेव्हा या जाळ्यात फारसे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असते. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. चौथीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या पुढे ओहोटीचा तळ. हा हिशेब करायला घड्याळ लागत नाही आणि कानही लागत नाहीत. आमच्या या खलाशाने तो चंद्राकडे पाहून बोटांवर केला आणि तीन बोटे आमच्यापुढे धरली.

तीन वाजता आम्ही निघालो. बोटीवर सहा जण: तांडेल, चार खलाशी आणि हा लेखक. बंदराबाहेर पडताना सर्वांनी टोप्या काढल्या, गावातल्या क्रुसाच्या दिशेने तोंड केले आणि स्वतःवर क्रुसाची खूण केली. त्यानेही केली. त्या क्षणी त्याच्या आणि इतरांच्या प्रार्थनेत आम्हांला काहीही फरक दिसला नाही. पुढे काही वेळाने आमच्या ध्यानात आले की फरक नव्हताच. सहाही जणांनी जे काय सांगितले ते हातांनीच सांगितले होते.

इंजिनाने वेग घेतल्यावर आणखी एक गोष्ट घडली. त्या धडधडाटात शेजारच्या माणसाचा शब्दही कळेना. आम्ही दोन-तीनदा ओरडून काही विचारले, तेव्हा तांडेलाने हसून कानाला हात लावला आणि नकारार्थी हलवला. मग पाहतो तो बोटीवरचा सारा कारभार हातांनी चाललेला. तळवा खाली दाबला की वेग कमी, मनगट फिरवले की वळण, दोन बोटे डोळ्यांकडे नेली की पुढे बोया दिसतो का पाहा. वद्य चतुर्थीचा चंद्र डोक्यावर होता, त्याच्या उजेडात ही बोलणी स्वच्छ दिसत होती. किनाऱ्यापासून मैलभर आत गेल्यावर त्या बोटीवर सगळेच बहिरे होते, आणि ज्याला ही भाषा सर्वांत चांगली येत होती तो एकटाच तेथे अस्खलित होता. अडखळणारे आम्ही. त्याच्या पुतण्याने, हाही बोटीवरचा खलाशी, आम्हांला सांगितले की काकाने प्रत्येकाला खुणेचे नाव दिले आहे. तांडेल म्हणजे मिशीला पीळ. पुतण्या म्हणजे गालावरचा व्रण. आमच्यासाठीही एक खूण ठरून गेली होती आणि आमच्या पाठीमागे ती गेली तीन वर्षे वापरात होती, असे कळले. ती म्हणजे तळवा कपाळावरून थेट मानेपर्यंत सफाईने फिरवणे. आमच्या डोक्याची अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांना अधिक खुलासा नको.

पुण्यकथा लिहिण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. देव एक इंद्रिय काढून घेतो तेव्हा दुसरे दुप्पट देतो, असे आपण सहज बोलून जातो. ते आम्हांला पटत नाही. वाटेत त्याने एकाएकी हात वर केला, तांडेलाने इंजिन मंदावले, आणि पाहिले तर पंख्याला नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा गुंडाळला होता. (समुद्रात आता मासळीइतकेच प्लास्टिक जाळ्यात येते, हा निराळ्या लेखाचा विषय.) आम्ही थक्क झालो. पण त्यात चमत्कार नव्हता. पायाखालच्या फळ्यांची थरथर बदललेली त्याला कळली होती आणि इतरांना इंजिनाच्या आवाजावर भिस्त ठेवण्याची सवय असल्यामुळे ती कळली नव्हती. तीस वर्षे तो त्या फळ्यांवर उभा आहे. हे त्याने कमावलेले ज्ञान आहे. ते देवाने भरपाई म्हणून दिले असे म्हणणे म्हणजे त्याच्या कष्टांवर पाणी टाकणे होय. शिवाय जे गेले आहे ते गेलेलेच आहे. मागून कोणी 'सांभाळ' म्हणून ओरडले तर त्याला कळत नाही, आणि धावत्या दोराच्या वेटोळ्यात पाय सापडला तर बोटीवर माणूस एका श्वासात पाण्यात जातो.

म्हणून त्या बोटीने काही नियम करून ठेवले आहेत. तो पाहत नसताना त्याच्या मागे दोर सोडायचा नाही. त्याला बोलवायचे तर फळीवर दोनदा पाय आपटायचा. अंधाऱ्या रात्री एकाच्या गळ्यात विजेरी असते आणि बोलणाऱ्याने ती स्वतःच्या हातांवर धरायची. हे नियम कोणी लिहिलेले नाहीत आणि यात आपण कोणावर उपकार करतो असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही. आम्ही तांडेलाला विचारले, मासळीच्या हिशेबात त्याला किती मिळते? डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता बोटीचा आणि जाळ्याचा वाटा बाजूला काढतात, मग खलाशांचे वाटे होतात. तांडेलाला आमच्या प्रश्नाचा रोखच कळला नाही. ''हात पुरते दोन,'' तो म्हणाला, ''तर वाटा पण पुरता एक.''

पाचच्या सुमारास जाळे मांडून झाले. मग ओढ थांबेपर्यंत चार तास वाट पाहणे. इंजिन बंद झाले, चहा झाला, दोघे जण ताडपत्रीखाली झोपले. उजाडल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि पुतण्याला हलवून उठवले. त्याला आम्हांला काही विचारायचे होते.

त्याचा सख्खा मोठा भाऊ बारा वर्षांपूर्वी समुद्रावर गेला. बोट उलटली, दोघे पोहत परतले, हा परतला नाही आणि त्याचा देहही मिळाला नाही. मिस्सा झाली, प्रार्थना झाल्या, प्रवचन झाले, लोक घरी येऊन बोलून गेले. हे सगळे त्याने पाहिले. ओठ हलताना पाहिले, डोळे पुसताना पाहिले. आता त्याने जो प्रश्न विचारला त्यासाठी पुतण्याच्या मदतीची गरज पडली नाही. त्याने भावाची खूण केली, मग बोट पाण्याकडे नेऊन खाली दाखवले, आमच्याकडे पाहिले, मग तेच बोट आकाशाकडे नेले आणि दोन्ही तळवे उघडे करून थांबला. खाली की वर?

वाचकहो, मृत्यूनंतरच्या जीवनावर आम्ही सेमिनरीत एक संपूर्ण सत्र अभ्यास केला आहे. शरीराचे पुनरुत्थान, आत्म्याचे अमरत्व, मधली अवस्था, अंतिम न्याय, यांतील भेद आम्हांला ठाऊक आहेत. त्यांतील एकाही गोष्टीला आमच्या हातांत खूण नव्हती. शेवटी संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग सुचला. पाण्यावर चालू पाहणारा पेत्र बुडू लागतो आणि येशू हात पुढे करून त्याला धरतो. आम्ही एक हात बुडणाऱ्याचा केला आणि दुसऱ्या हाताने त्याचे मनगट पकडून वर ओढले, आणि ज्या हाताने ओढले त्याच्या तळव्यावर खिळ्याची जागा दाखवली. ती जागा त्याने लगेच ओळखली. क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे देवळाच्या भिंतीवर आहेत, आणि त्याचे सारे बायबल म्हणजे ती चित्रे. येशू तीन वेळा का पडतो, हे त्याने एकदा पुतण्याला विचारले होते म्हणे.

त्याने आमची खूण स्वतःच्या हातांनी करून पाहिली. मनगट पकडले, वर ओढले. भावाची खूण केली आणि पुन्हा ओढले. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने भुवया उंचावल्या आणि एका मनगटावर दुसऱ्या हाताचे बोट ठोकले. घड्याळ. कधी?

यावर आमच्याजवळ खूण नव्हती. शब्दही नव्हता, हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोक आपल्या मृतांविषयी व्याकूळ झाले होते, आणि त्यांना धीर देताना काळवेळेविषयी लिहिण्याची गरज नाही, प्रभूचा दिवस रात्री चोर यावा तसा येईल, इतकेच पौल त्यांना सांगू शकला. 'कधी' हा प्रश्न म्हणजे आशेचे शेवटचे टोक आहे. तेथवर तो माणूस आला होता. आपल्यापैकी किती जण प्रवचने ऐकून, धर्मशिक्षणाची पुस्तके पाठ करून त्या टोकाला पोहोचतात?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संत ऑगस्टीन यांनी ज्युलियन याच्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात जन्मतः बहिरेपणामुळे विश्वासालाच अडथळा होतो असे म्हटले आहे आणि पौलाच्या याच वचनाचा दाखला दिला आहे. शतकानुशतके हे वाक्य बहिऱ्या माणसांवर मोहोरबंद दारासारखे राहिले. गंमत अशी की याच ऑगस्टीन यांनी तरुण वयात लिहिलेल्या ग्रंथांत मिलान येथील एका सुंदर, सभ्य आणि बहिऱ्या तरुणाचे वर्णन केले आहे, जो सारे व्यवहार हातवाऱ्यांनी करीत असे. खुणांनी विचार कळवता येतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. ज्ञान खुणांनी कळते, मग विश्वासच तेवढा कळू नये, याला कारण काय? आम्हांला वाटते, दोन्ही वाक्ये एका ठिकाणी ठेवून पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. ख्रिस्तशरीराच्या आराधनेसाठी संत थॉमस अक्वायनस यांच्या नावे चालत आलेले एक लॅटिन स्तोत्र आहे. त्यातही दृष्टी, स्पर्श आणि रुची फसतात, भरवसा ठेवावा तो केवळ श्रवणावर, असा भाव आहे. वडीलधाऱ्या वाचकांनी ते आराधनेच्या वेळी गायिले असेल. बहिऱ्या माणसाच्या शेजारी बसून ते गाऊन पाहावे.

पण पौल स्वतः काय म्हणतो? श्रवणाचे वचन जेथे संपते त्याच्या पुढच्याच ओळीत तो विचारतो, मग त्यांनी ऐकले नाही काय? आणि उत्तरादाखल स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्राचा आधार देतो, ज्यात आकाश देवाचा महिमा वर्णन करते. ते स्तोत्र काढून वाचावे. तेथे आकाशाच्या बोलण्याविषयी असे म्हटले आहे की त्याला वाचा नाही, शब्द नाहीत, त्याचा ध्वनी ऐकू येत नाही, तरीही त्याचा संदेश पृथ्वीच्या टोकापर्यंत गेला आहे. श्रवणाचा सिद्धान्त मांडून झाल्याबरोबर पौलाने साक्षीला आणले ते नि:शब्द आकाशाला. ज्या ग्रीक शब्दाचे आपण 'श्रवण' असे भाषांतर करतो, त्याचा अर्थ ऐकण्याची क्रिया असा आहे तसाच ऐकवलेला निरोप असाही आहे. भार कानावर नाही, निरोपावर आहे; आणि निरोप पोहोचवण्याची जबाबदारी पाठवलेल्यावर असते. पौलाचे सगळे प्रश्न सांगणाऱ्यापाशी येऊन थांबतात, हे आपण विसरतो.

संत मार्कच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्या माणसाची कथा आपण बहुधा चमत्कारासाठी वाचतो. चमत्काराआधी येशूने काय केले ते पाहा. त्याला गर्दीतून एकीकडे नेले. त्याच्या कानांत बोटे घातली, थुंकी लावून जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले, उसासा टाकला. हा माणूस ऐकू शकत नव्हता, म्हणून येशूने जे करायचे होते ते आधी त्याच्या भाषेत त्याला सांगितले: हे कान, ही जीभ, हे सामर्थ्य वरून. शब्द आला तो सर्वांत शेवटी. 'एफ्फाथा' या त्या शब्दाची आठवण आजही स्नानसंस्काराच्या विधीत आहे. बालकाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करून आम्ही प्रार्थना करतो. या कोळ्याच्या स्नानसंस्काराच्या वेळीही कोणीतरी त्याच्या कानांना स्पर्श केला असेल.

ख्रिस्तसभेने या माणसांना नेहमीच दाराबाहेर ठेवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोप तिसरे इनोसंट यांनी ११९८ मध्येच निर्णय दिला होता की बोलू न शकणाऱ्याला खुणांनी संमती देऊन विवाह करता येतो, आणि आजच्या धर्मविधीच्या कायद्यातही तीच तरतूद आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से द लेओन या बेनेडिक्टाइन मठवाशाने सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. मौनव्रती मठांतून हातांच्या खुणा पूर्वापार वापरात होत्या, त्याचा त्याला उपयोग झाला असावा. पुढे संत फ्रान्सिस द सेल्स यांनी एका बहिऱ्या सेवकाला खुणांनी धर्मशिक्षण देऊन ख्रिस्तशरीरासाठी तयार केले. आणि पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंची १७६० च्या सुमारास दोन बहिऱ्या जुळ्या बहिणींशी गाठ पडली. या मुली धर्मज्ञानावाचून मरतील या चिंतेने त्यांनी शिकवणे सुरू केले. मात्र आधी ते स्वतः पॅरिसच्या बहिऱ्या लोकांच्या खुणा शिकले. त्यातून जगप्रसिद्ध शाळा उभी राहिली. आपल्या मुंबईतही पहिली शाळा काढली ती बिशप लिओ म्यूरिन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, माझगाव येथे.

हे सांगताना ऊर भरून येतो, पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८० मध्ये मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष ज्यूलिओ तारा हे धर्मगुरूच होते. शिक्षणात मुखाने उच्चारलेली भाषाच श्रेष्ठ, खुणांना थारा नको, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने झाला. मत देणाऱ्यांत बहिरे असे जवळजवळ कोणीच नव्हते. पुढे अनेक देशांतील शाळांत मुलांना खुणा करू दिल्या जात नसत. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० मधील व्हँकूव्हरची परिषद उजाडावी लागली. वाणी ही देवाची देणगी, हा विचार त्या धर्मगुरूंना उदात्त वाटला असणार. उदात्त विचाराने माणसाचे हात बांधता येतात, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

नऊ वाजून गेल्यावर पाणी थांबले. आम्हांला समजण्याआधी त्याने तळवा आडवा धरून सर्वांना दाखवला. जाळे उचलले: बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी, वाकट्या, आणि पिशव्यांचा ढीग. भरतीबरोबर परतलो, दुपारपर्यंत बंदरात होतो.

बंदरात गोंगाट असतो. टोपल्यांभोवती बायका, व्यापारी, बर्फवाले. भाव ओरडून ठरतात. त्याची बायको त्याच्या बाजूला उभी राहून बोटांनी त्याला बोलीचे आकडे सांगत होती. एक बाहेरगावचा व्यापारी त्याच्याकडे पाहून शेजाऱ्याला काहीतरी बोलला. ते शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत. बोलताना त्याने आवाज खाली आणला नव्हता. आणायची गरजच काय होती? दोघे हसले, आणि आमचा खलाशीही, कोणीतरी हसते आहे हे पाहून, सभ्यपणे हसला.

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे: बहिऱ्याला शाप देऊ नये. नीतिशास्त्राच्या दृष्टीने ही फार विचार करायला लावणारी आज्ञा आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला शिवी दिल्याने त्याचे काय बिघडले? त्याला दुःख नाही, अपमान कळला नाही, नुकसान नाही. अपराध म्हणजे दुसऱ्याला झालेली इजा, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाला येथे अपराध दाखवता येणार नाही. आज्ञा मात्र या हिशेबात शिरत नाही. तिच्या लगेच पुढे आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे, आणि शेवटी आहे देवाचे भय धरण्याची आठवण. म्हणजे त्या शब्दाला एक ऐकणारा होता. शिवाय बंदरावर उभे असलेले आम्ही सगळे ऐकणारे होतो. एखाद्याचे माणूसपण त्याच्या कळण्यावर अवलंबून नसते. ते आमच्यासमोर ठेवलेले असते, आणि त्याच्या पाठीमागे आम्ही त्याचे काय करतो यावर आमची परीक्षा होते. तांडेलाने व्यापाऱ्याला मासळी दिली नाही. भाव चांगला मिळत होता, तरी टोपली उचलून दुसरीकडे नेली, कारण सांगितले नाही.

आपण धर्मशिक्षणात संस्काराची व्याख्या शिकतो ती दृश्य चिन्ह अशी. पाणी, तेल, भाकर, हात ठेवणे, क्रुसाची खूण: आपली सारी उपासना खुणांची आहे. अशा ख्रिस्तसभेत खुणांनी बोलणारा माणूस परका ठरावा, यासारखी विसंगती नाही. सुदैवाने साधने वाढत आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली, आणि तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. २०२४ मध्ये त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे जोसेफ थेरमडम यांना गुरुदीक्षा मिळाली. भारतातील ते पहिले बहिरे धर्मगुरू. ही भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत, तिला व्याकरण आहे, तिच्यात त्रैक्याविषयीही बोलता येते. आमच्या कोळ्याजवळ मात्र ती नाही. तो अशा शाळेत कधी गेलाच नाही. त्याच्या खुणा त्याने आणि त्याच्या माणसांनी बोटीवर आणि चुलीपुढे घडवल्या आहेत. त्यांत बोंबलाला खूण आहे, ओढीला आहे, भीतीला आहे. त्यांत जे नाही ते बहिरेपणामुळे नाही असे नव्हे, तर त्याच्याशी तेवढे बोलायला कोणी बसले नाही म्हणून नाही.

उपवासकाळात पापनिवेदनाचा प्रश्न आला. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा कायदा देतो आणि दुभाष्यावर गुप्ततेचे बंधनही घालतो. पण पुतण्यासमोर आपली पापे सांगणे त्याला नको होते, आणि त्याचे बरोबरच होते. आपल्यापैकी कोणी तरी ते केले असते का? तेव्हा आम्हीच शिकायला लागलो. पुतण्या आठवड्यातून एकदा संध्याकाळी येतो. आजवर आमच्या वहीत दीडशेच्या आसपास खुणा जमल्या आहेत. पास्काच्या जागरणाची मिस्सा अंधारात सुरू होते, तेव्हा पुतण्याने बोटीवरची विजेरी आणली होती आणि काकासाठी उत्पत्तीची कथा हातांवर उजेड धरून सांगितली. मागच्या बाकावरच्या दोघींनी उजेडाची तक्रार केली, ती आम्ही ऐकून घेतली.

'क्षमा' या शब्दापाशी आम्ही अजून अडलो आहोत. काका त्यासाठी जाळ्याची ओली गाठ सोडवण्याची खूण करतो, असे पुतण्या म्हणतो. पण नाखव्याचे उसने फिटले की तो हीच खूण करतो. यांतला फरक त्याला कसा सांगायचा, असे पुतण्याने विचारले. आम्ही त्याला मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूची प्रार्थना दाखवली. तेथेही मूळ शब्द 'ऋण' असाच आहे. वहीत तूर्त गाठच लिहून ठेवली आहे.